शुक्राणुप्राप्ती शस्त्रकर्म : यशाचे पूर्वानुमान कितपत शक्य आहे?

अपत्यहीन दांपत्य चिकित्सालयात येते तेव्हा पत्नीच्या तपासण्यांची जाडजूड फाईल त्यांच्या हाती असते. पतीची वीर्यपरीक्षा मात्र बहुधा एकदाच, तीही पुष्कळ आग्रहानंतर झालेली असते. त्या एका कागदावर ‘अझूस्पर्मिया’ म्हणजे अशुक्राणुता असा शेरा असला, की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. औषधाने शुक्राणू निर्माण होतील का? आणि न झाल्यास, वृषणावर शस्त्रक्रिया करून ते मिळतील का? पहिल्या प्रश्नाविषयी आपल्या वर्तुळात पुष्कळ लिहिले व बोलले जाते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शस्त्रकर्म करणाऱ्या तज्ज्ञाने द्यावयाचे, असे समजून आपण तो बाजूस ठेवतो. परंतु रुग्ण तो प्रश्न प्रथम आपल्यालाच विचारतो आणि आपल्या उत्तरावर त्याची पुढील एकदोन वर्षे अवलंबून असतात.

चिकित्सेपूर्वी साध्यासाध्यता ठरवावी, हा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायात सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय अशी विभागणी आहे. असाध्य व्याधी हाती घेणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असा इशाराही तेथे दिलेला आहे. अशुक्राणुतेच्या बाबतीत हा दंडक आजच्या परीक्षणांच्या साहाय्याने कसा पाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम निदानाची निश्चिती

सर्व पुरुषांत सुमारे १ टक्का, तर वंध्यत्वाची तक्रार असलेल्या पुरुषांत १० ते १५ टक्के जणांमध्ये अशुक्राणुता आढळते. एका अहवालावरून हे निदान पक्के करू नये. काही आठवड्यांच्या अंतराने किमान दोन नमुने तपासावेत. प्रत्येक नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून तळाशी बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. या गाळात मोजके शुक्राणू सापडल्यास सर्व चित्र पालटते. कारण १९९२ साली ब्रुसेल्स येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या ‘इक्सी’ पद्धतीत एका स्त्रीबीजासाठी एकच शुक्राणू पुरेसा असतो. गाळ न तपासता दिलेला ‘शून्य’ हा अहवाल अपुरा समजावा.

वीर्याचे प्रमाण अत्यल्प असल्यास नमुना पूर्ण गोळा झाला होता का, हे विचारावे. जुना प्रमेह, मज्जारज्जूची इजा किंवा टॅमसुलोसिनसारखी औषधे यांमुळे वीर्य मूत्राशयात उलटे जाऊ शकते. अशा वेळी स्खलनानंतरचे मूत्र तपासल्यास शुक्राणू तेथे सापडतात आणि शस्त्रकर्माचा प्रश्नच उरत नाही.

मार्गात अडथळा, की उगमातच न्यूनता?

यानंतरचा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. शुक्राणू तयार होतात, पण बाहेर येण्याचा मार्ग बंद आहे, ही अवरोधजन्य अशुक्राणुता. वृषणातील निर्मितीच खुंटली आहे, ही अनवरोधजन्य अशुक्राणुता. चरकांनी शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात शुक्राशयाचा नाश आणि शुक्राशयाच्या द्वाराची दुष्टी या दोन अवस्था पृथक् वर्णिल्या आहेत. त्या आजच्या निदानांशी जशाच्या तशा जुळवू नयेत. परंतु उगम व द्वार यांचा वेगवेगळा विचार करण्याची दृष्टी आपल्याला नवीन नाही, एवढे त्यावरून दिसते.

हा भेद बराचसा हाताने करता येतो. वृषणांचे आकारमान चांगले, अधिवृषण भरलेले व टणक, पूर्वी नसबंदी, लहानपणी हर्नियाची शस्त्रक्रिया किंवा जननेंद्रियाचा क्षयरोग असा इतिहास असल्यास अवरोधाची शंका घ्यावी. क्षयरोगात शुक्रवाहिनी मण्यांच्या माळेसारखी गाठाळ लागते. दोन्ही शुक्रवाहिन्या हातालाच लागत नसतील, वीर्य अत्यल्प व आम्ल असेल आणि त्यात फ्रुक्टोज नसेल, तर शुक्रवाहिन्या जन्मतःच नसण्याची शक्यता प्रबळ असते. अशा पुरुषांपैकी पुष्कळांत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक व्याधीच्या जनुकात दोष असतो. म्हणून गर्भधारणेचा प्रयत्न करण्यापूर्वी पत्नीचीही त्या जनुकासाठी तपासणी करावी लागते.

रक्तातील एफएसएच व वृषणाची लांबी या दोन साध्या मापांचा येथे चांगला उपयोग होतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, एफएसएच ७.६ किंवा त्याहून कमी आणि वृषणाची लांबी ४.६ सेंटिमीटरपेक्षा अधिक असलेल्या ९६ टक्के पुरुषांत अवरोध आढळला. याउलट एफएसएच अधिक व लांबी कमी असलेल्या ८९ टक्के पुरुषांत निर्मितीचाच दोष होता.

अवरोधजन्य प्रकारात पूर्वानुमान सोपे आहे. अधिवृषणातून अथवा वृषणातून सुईने शुक्राणू जवळजवळ नेहमीच मिळतात. काही रुग्णांत मार्ग पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रियाही शक्य असते. पुढील सर्व विवेचन अनवरोधजन्य प्रकाराविषयी आहे, कारण खरी अनिश्चितता तेथेच आहे.

शस्त्रकर्म नेमके काय करते?

निर्मिती खुंटलेल्या वृषणातही क्वचित् एखाद्या कोपऱ्यात शुक्राणू तयार होत असतात. मात्र ते इतके थोडे असतात की वीर्यात उतरत नाहीत. वृषणाचे लहान तुकडे काढून त्यांत शुक्राणू शोधणे या क्रियेस ‘टेसे’ म्हणतात. १९९९ साली न्यूयॉर्क येथील डॉ. पीटर श्लेगेल यांनी हीच क्रिया शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली करण्याची पद्धत मांडली. ती ‘मायक्रो-टेसे’ होय. वृषण उघडून सुमारे १५ ते २५ पट मोठे करून पाहिले असता, ज्या शुक्रजनक नलिका इतरांपेक्षा रुंद व अपारदर्शक दिसतात, त्यांत शुक्राणू असण्याची शक्यता अधिक असते. तेवढ्याच नलिका काढल्याने ऊतींची हानी कमी होते.

कोणत्या पद्धतीचे यश अधिक, याविषयी एकवाक्यता नाही. २०१५ मधील एका एकत्रित परीक्षणात मायक्रो-टेसेचे यश सुमारे ५२ टक्के व साध्या टेसेचे ३५ टक्के दिसले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, २१ हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या मोठ्या परीक्षणात दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. एकूण यश ४७ टक्के होते. सारांश, सुमारे निम्म्या रुग्णांत शुक्राणू मिळतात. आपला रुग्ण कोणत्या निम्म्यात आहे, हे आधी सांगता येईल का, हा खरा प्रश्न.

एफएसएच व आकारमान येथे का फसतात?

एफएसएच फार वाढलेले आणि वृषण लहान असले, की ‘आता काही होणार नाही’ असे रुग्णाला सांगण्याचा प्रघात आहे. उपलब्ध पुरावा याला दुजोरा देत नाही. न्यूयॉर्क येथील ७९२ पुरुषांच्या अभ्यासात एफएसएच १५ पेक्षा कमी असलेल्या गटात मायक्रो-टेसेने ५१ टक्के, तर ४५ पेक्षा अधिक असलेल्या गटात ६० टक्के जणांना शुक्राणू मिळाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, हजारांहून अधिक पुरुषांच्या दुसऱ्या अभ्यासात २ मिलिलिटर किंवा त्याहून लहान वृषण असलेल्यांत ५५ टक्के आणि १० मिलिलिटर किंवा त्याहून मोठे असलेल्यांतही ५५ टक्केच यश मिळाले.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एफएसएच हे संपूर्ण वृषणाच्या कार्याचे सरासरी माप आहे. बहुसंख्य नलिका निकामी असल्यास ते वाढते. शस्त्रकर्माला मात्र एकाच नलिकेतील शुक्राणू पुरेसे असतात. साऱ्या गावाच्या भूजलाची सरासरी पातळी पाहून एखाद्या मळ्याच्या कोपऱ्यातील जिवंत झरा सांगता येत नाही, तसेच हे आहे.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. शुक्राणूंचा विकास मधल्याच टप्प्यावर थांबण्याच्या विकारात एफएसएच प्राकृत व वृषणही भरदार असू शकतात. रिपोर्ट ‘नॉर्मल’ पाहून आपण आश्वासन देतो आणि शस्त्रकर्मात काहीच मिळत नाही. म्हणजे एफएसएच वाढलेले म्हणून निराश करणे आणि ते प्राकृत म्हणून हमी देणे, हे दोन्ही सारखेच निराधार आहे.

बायॉप्सी व गणिती प्रारूपे

वृषणाच्या बायॉप्सीचा अहवाल त्यातल्या त्यात उपयोगी ठरतो. सर्व टप्प्यांच्या पेशी आहेत पण कमी आहेत, अशा स्थितीत बहुसंख्य रुग्णांत शुक्राणू मिळतात. विकास मध्येच थांबलेल्यांत प्रमाण बरेच कमी-अधिक होते. केवळ सर्टोली पेशीच दिसत असल्यास ते साधारण एक चतुर्थांश ते दोन पंचमांश इतके खाली येते. तथापि शून्य होत नाही. बायॉप्सीत वृषणाचा एक लहानसा अंशच दिसत असल्याने केवळ भाकितासाठी वेगळी बायॉप्सी करण्याची शिफारस आता केली जात नाही. शुक्राणू शोधताना त्याच वेळी तुकडा तपासणीला पाठवावा व मिळालेले शुक्राणू गोठवून ठेवण्याची सोय असावी, हा मार्ग अधिक हितकर होय.

वय, एफएसएच, आकारमान, पूर्ववृत्त इत्यादी एकत्र घेऊन संगणकाकडून भाकीत करविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. २०१३ साली न्यूयॉर्क येथील हजारांवर रुग्णांच्या माहितीवर बेतलेले असे एक प्रारूप सुमारे ५९ टक्के रुग्णांतच अचूक ठरले. त्यानंतरच्या काही प्रारूपांविषयी याहून चांगल्या अचूकतेचे दावे आहेत, परंतु त्यांतील पुष्कळ एकेका केंद्राच्या रुग्णांवर आधारलेले आहेत. वीर्यद्रवातील टेक्स-१०१ व ईसीएम-१ या प्रथिनांवर टोरांटो येथील संशोधकांनी २०१३ साली लक्ष वेधले. पहिले प्रथिन वृषणातील विकृतीचा प्रकार ओळखण्यास, तर दुसरे अवरोध ओळखण्यास साहाय्यक दिसते. ही दिशा आशादायक आहे. मात्र एकट्या तिच्या आधारे कोणाला शस्त्रकर्म नाकारावे, अशी स्थिती अद्याप नाही.

जेथे उत्तर निश्चित मिळते

चरकांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात बीजदोषामुळे पुरुषास येणाऱ्या वंध्यत्वाचा उल्लेख केला आहे. आजच्या काळात पूर्वानुमानाचे सर्वांत भक्कम साधन बीजपरीक्षेतच, म्हणजे गुणसूत्र व जनुक परीक्षेत सापडते. अशुक्राणुतेच्या सुमारे १५ टक्के रुग्णांत गुणसूत्रांचे वैगुण्य आणि ८ ते १२ टक्क्यांत वाय गुणसूत्राचा अंश गळालेला आढळतो.

१. वाय गुणसूत्रावरील एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग संपूर्ण नाहीसा असल्यास शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते. अशा रुग्णाला शस्त्रकर्म सुचवू नये.

२. केवळ एझेडएफ-सी भाग नसल्यास निम्म्या किंवा अधिक रुग्णांत शुक्राणू मिळतात. मात्र हाच दोष प्रत्येक पुत्राकडे जाणार, हे दांपत्यास आधीच सांगावे लागते.

३. बाह्यतः पुरुष असूनही गुणसूत्रे ४६ एक्सएक्स असल्यास शुक्राणू मिळत नाहीत.

४. क्लाइनफेल्टर विकारात, म्हणजे ४७ एक्सएक्सवाय असताना, वृषण अगदी लहान व एफएसएच फार अधिक असते. पूर्वी अशा पुरुषांना सरसकट असाध्य समजले जाई. २०१७ मधील एकत्रित परीक्षणात मात्र त्यांच्यापैकी ४४ टक्के जणांना शस्त्रकर्माने शुक्राणू मिळाले.

५. वृषण लहानपणी खाली न उतरल्याने शस्त्रक्रिया झालेल्यांत यश निम्म्याहून अधिक रुग्णांत दिसते. कर्करोगावरील रसायनोपचारानंतरच्या ७३ पुरुषांच्या एका अभ्यासात ते ३७ टक्के होते.

या परीक्षणांचे मोल त्यांच्या नकारात आहे. रक्ताच्या साध्या नमुन्याने काही दांपत्ये निष्फळ शस्त्रक्रियेतून, खर्चातून व खोट्या आशेतून वाचतात. म्हणून अनवरोधजन्य अशुक्राणुतेत गुणसूत्र व वाय-परीक्षा शस्त्रकर्मापूर्वीच झाली पाहिजे. ती न करता शस्त्रक्रियेची तारीख दिली गेली असल्यास, रुग्णाला ती करून घेण्यास आपण अवश्य सांगावे.

शुक्राणू मिळणे म्हणजे अपत्य मिळणे नव्हे

‘पन्नास टक्के यश’ हा आकडा ऐकून रुग्ण अपत्याची पन्नास टक्के आशा धरतो. हा गैरसमज वेळीच दूर करावा. ब्रुसेल्स येथील ७१४ पुरुषांचा पाठपुरावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के जणांना साध्या टेसेने शुक्राणू मिळाले. त्यांतील सर्वांना अपत्य झाले नाही. अखेरीस शस्त्रकर्मास सामोरे गेलेल्या सात पुरुषांपैकी एकालाच स्वतःच्या बीजाचे अपत्य लाभले. शुक्राणू मिळाल्यानंतर यश मुख्यतः पत्नीच्या वयावर व स्त्रीबीजांच्या संख्येवर अवलंबून असते.

चिकित्सकाचे कर्तव्य

वरील विवेचनातून आपल्या व्यवसायासाठी काही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट काळाची. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून कोणत्याही उपचाराचा पडताळा तीन महिन्यांनी घ्यावा. पत्नीचे वय पस्तिशीकडे झुकले असेल, तर वाजीकरण द्रव्यांवर वर्ष-दोन वर्षे काढणे म्हणजे शस्त्रकर्म यशस्वी झाले तरी त्याचे फळ हातचे घालविणे होय. अश्वगंधेवरील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४६ पुरुष होते, आणि ते सर्व अल्पशुक्राणुतेचे होते. त्या निष्कर्षाच्या आधारे अशुक्राणुतेच्या रुग्णास आश्वासन देणे न्याय्य नाही. निद्रा, आहार, तंबाखू व मद्य यांचा त्याग, स्थौल्यावर नियंत्रण ही कामे आपण तज्ज्ञांच्या तपासण्या चालू असतानाच करावीत. त्या थांबवून करू नयेत.

दुसरी गोष्ट, शस्त्राविना साध्य होणारे रुग्ण ओळखणे. एफएसएच, एलएच व टेस्टोस्टेरॉन तिन्ही कमी असल्यास दोष मेंदूतील नियामक केंद्रात असतो. दाढी-मिशा विरळ असणे, जन्मापासून वास न येणे अशी लक्षणे विचारावीत. या रुग्णांत हार्मोनच्या इंजेक्शनांनी काही महिन्यांत ते दोन वर्षांत पुष्कळदा वीर्यातच शुक्राणू दिसू लागतात. येथे वृषणावर शस्त्र चालविण्याची घाई करू नये.

तिसरी गोष्ट, सुरक्षितता. वृषणात कठीण गाठ लागल्यास वंध्यत्वाचा विचार बाजूस ठेवून प्रथम सोनोग्राफी करून घ्यावी. शस्त्रकर्मानंतर टेस्टोस्टेरॉन काही काळ घटते. बहुतेकांत ते वर्ष-दीड वर्षात पूर्ववत होते. क्लाइनफेल्टरच्या रुग्णांत मात्र त्याकडे दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते.

चौथी गोष्ट, संभाषण. दोघांनाही समोर बसवून बोलावे. दोष पतीकडे असूनही कुटुंबात बोल पत्नीलाच लावला जातो, हे आपण सर्वजण पाहतो. वैद्याचा शब्द तेथे वजन ठेवतो. शस्त्रकर्म निष्फळ ठरल्यास दात्याचे शुक्राणू, दत्तक किंवा अपत्याविना जीवन हे पर्याय आधीच बोलून ठेवल्यास नंतरचा आघात सौम्य होतो. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत केंद्रातच उपचार घ्यावेत आणि दात्याचे बीज नोंदणीकृत बँकेतूनच यावे. पत्नीसाठी २१ ते ५० व पतीसाठी २१ ते ५५ अशी वयोमर्यादा आहे, हेही सांगावे.

औषधविक्रेत्या बंधु-भगिनींसाठी

‘शक्ती’ वाढविण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने मागणारा तरुण आपल्या दुकानात येतो. बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन मेंदूकडून वृषणास जाणारी आज्ञा बंद करते. परिणामी शुक्राणुनिर्मिती थांबते आणि वीर्य शुक्राणुरहित होऊ शकते. व्यायामशाळांत विकली जाणारी स्टेरॉइडही हेच करतात. हे औषध चिठ्ठीशिवाय देऊ नये. चिठ्ठी असली तरी ग्राहकास अपत्याची इच्छा आहे का, हे विचारून तो प्रश्न लिहिणाऱ्या चिकित्सकाकडे परत पाठवावा. अशी औषधे थांबविल्यावर बहुतेकांत निर्मिती पुन्हा सुरू होते, परंतु त्यास अनेक महिने, क्वचित् वर्षाहून अधिक काळ लागतो. म्हणून शस्त्रकर्माकडे निघालेल्या प्रत्येक पुरुषास हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे.

सारांश

अवरोध असल्यास शुक्राणू जवळजवळ निश्चित मिळतात. एझेडएफ-ए, एझेडएफ-बी व ४६ एक्सएक्स यांत ते मिळत नाहीत. यांच्यामध्ये असलेल्या मोठ्या वर्गास आजच्या ज्ञानानुसार ‘सुमारे निम्मी शक्यता’ एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते. एफएसएचचा आकडा वा वृषणाचा आकार पाहून त्यात मनाने भर घालू नये व घटही करू नये. तो वर्ग कृच्छ्रसाध्य मानावा, आवश्यक तपासण्या पहिल्या महिन्यातच करून घ्याव्यात आणि पत्नीचे वय हाताशी असतानाच दांपत्यास योग्य केंद्राकडे पाठवावे.